हायडनची ‘नेल्सन मिस्सा’ ध्वनिमुद्रणावर कशी ऐकावी

चाळीस मिनिटांची लॅटिन रचना, चार एकल गायक (वरून खाली सोप्रानो, आल्टो हे स्त्रीस्वर आणि टेनर, बास हे पुरुषस्वर), मागे मोठा गायकवृंद आणि भरीला तीन ट्रम्पेट. पहिल्यांदा ऐकणारा बहुधा पाचव्या मिनिटाला हरवतो. दोष त्याच्या कानाचा नसतो, आपण नेमके कुठे आहोत हेच त्याला कळत नसते. ख्याल ऐकताना समेवर यायची सवय असते. इथे तशी सम नाही. इथे धरून चालायचा दोर म्हणजे शब्द, आणि सोयीची गोष्ट अशी की ते शब्द शतकानुशतके ठरलेले आहेत. मोत्झार्टची मिस्सा असो की हायडनची, मजकूर तोच. एकाच अभंगाला दोन गायकांनी दोन चाली लावाव्यात, तसे हे आहे. अभंग पाठ असला की चालीतले वेगळेपण लगेच जाणवते.

वसई-उत्तनकडचे आणि गोव्याचे कॅथलिक वाचक ‘मिस्सा’ म्हणजे काय हे जाणतातच. इतरांसाठी एवढेच, की ही चर्चमधली मुख्य उपासना, आणि तिच्यातले ठरावीक भाग गायले जातात : किरीये, ग्लोरिया, क्रेदो, सांक्तुस, बेनेदिक्तुस आणि आग्नुस देई. त्या भागांना संगीतकाराने दिलेल्या संगीतालाही मिस्साच म्हणतात.

कुठली मिस्सा, आणि हीच का

योझेफ हायडन (१७३२–१८०९) याने ही रचना १७९८ साली १० जुलै ते ३१ ऑगस्ट या काळात लिहिली. त्या वेळी तो ६६ वर्षांचा होता. पहिला प्रयोग त्याच वर्षी २३ सप्टेंबरला ऑस्ट्रियातल्या आयझेनश्टाट गावच्या चर्चमध्ये झाल्याचे मानले जाते. हायडनच्या स्वतःच्या यादीत तिचे नाव ‘मिस्सा इन आंगुस्तिइस’ असे आहे, म्हणजे संकटकाळातली मिस्सा. आदल्याच वर्षी नेपोलियनने ऑस्ट्रियाला हरवले होते, त्यामुळे ‘संकट’ म्हणजे काय ते सांगावे लागत नव्हते.

‘नेल्सन’ हे नाव मागाहून चिकटले. इजिप्तच्या किनाऱ्यावरच्या अबुकीरच्या लढाईत ब्रिटिश नौसेनापती नेल्सनने फ्रेंच आरमाराला हरवल्याची बातमी ऐकून हायडनने बेनेदिक्तुसमधले ट्रम्पेटचे ठोके लिहिले, अशी कथा बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळते. ती टिकत नाही. लढाई १ ऑगस्टला सुरू झाली खरी, पण बातमी व्हिएन्नात पोहोचली सप्टेंबरमध्ये, तेव्हा रचना लिहून पूर्ण झाली होती. नेल्सन स्वतः आयझेनश्टाटला आला तो १८०० साली.

नवख्याने इथूनच सुरुवात करावी याला तीन कारणे आहेत. लांबी आटोक्यात आहे. बाखची बी मायनर मिस्सा याच्या अडीच-तीन पट लांब आहे, तिने सुरुवात करणारे बरेच जण तिथेच थांबतात. दुसरे कारण, भागाभागांतले रंग इतके वेगळे आहेत की चुकायला जागा कमी. तिसरे, वाद्ये मोजकी आहेत. हायडनचा आश्रयदाता प्रिन्स एस्टरहाझी याने त्या सुमारास फुंकवाद्यांचा ताफा कमी केला होता. म्हणून इथे बासरी, ओबो, क्लॅरिनेट काही नाही. व्हायोलिन घराण्यातली तंतुवाद्ये, ऑर्गन, तीन ट्रम्पेट आणि टिंपनीची (सुरात लावलेल्या मोठ्या नगाऱ्यांची) जोडी, एवढ्यावर सगळे उभे आहे. त्या कडक, धातूच्या नादाची ही मिस्सा आहे.

पायरी १ : ध्वनिमुद्रण निवडणे

एक नव्हे, दोन घ्या, आणि मुद्दाम परस्परविरोधी घ्या. पहिले, डेव्हिड विलकॉक्स यांचे १९६२चे, केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजच्या गायकवृंदाचे. यात वरची पट्टी लहान मुलांच्या आवाजात आहे, वाद्ये आधुनिक आहेत आणि चॅपेलची घुमणारी कमान प्रत्येक स्वरावर आपली छाया टाकते. दुसरे, ट्रेव्हर पिनॉक आणि ‘द इंग्लिश कॉन्सर्ट’ यांचे, १९८०च्या दशकातले. यात वाद्ये हायडनच्या काळच्या धर्तीची आहेत, वृंद आटोपशीर आणि कडा धारदार.

निवडताना तीन गोष्टी तपासा.

पूर्ण रचना आहे ना. ‘बेस्ट ऑफ’ संग्रहात नुसती किरीये किंवा नुसती ग्लोरिया असते. पूर्ण ध्वनिमुद्रणात साधारण ११ ट्रॅक दिसतात आणि एकूण वेळ ३८ ते ४२ मिनिटांच्या आसपास असतो.

फुंकवाद्ये आहेत का. जुन्या छापील आवृत्त्यांत ऑर्गनच्या स्वतंत्र जागा दुसऱ्यांनी फुंकवाद्यांना वाटून दिल्या होत्या. काही जुनी ध्वनिमुद्रणे त्या आवृत्तीवरून केलेली आहेत. सुरुवातीलाच ओबो-बासरी ऐकू आली तर ते बाजूला ठेवा. वाईट म्हणून नव्हे, पण हायडनचा मूळ कोरडा रंग त्यात पुसट होतो.

ट्रॅकचा क्रम. अॅपवर कधी कधी दोन वेगळ्या मिस्सांचे भाग एकाच यादीत मिसळलेले असतात. पहिल्या ट्रॅकवर ‘किरीये’ आणि शेवटच्यावर ‘दोना नोबिस’ (आग्नुस देईचा शेवटचा तुकडा) आहे ना, ते बघून घ्या. एकाच अल्बमवर पुढे दुसरी रचना जोडलेली असते, तिला यात धरू नका.

पायरी २ : ऐकण्याची जुळणी

फोनच्या स्पीकरवर ही रचना ऐकू नका. त्यातून खालच्या पट्टीचा आवाज नीट बाहेरच पडत नाही. पुढे क्रेदोमध्ये खालचे आवाज वरच्यांचा पाठलाग करतात, तो पाठलागच नाहीसा होईल. साधे वायरचे हेडफोन चालतील. दोन स्पीकर असतील तर त्यांच्यात दीड-दोन मीटर अंतर ठेवा आणि आपण समोर तितक्याच अंतरावर बसा.

अॅपमधल्या तीन गोष्टी बंद करा. शफल तर उघडच. क्रॉसफेड, म्हणजे एक ट्रॅक संपता संपता दुसरा मिसळणे, कारण आग्नुस देईचा शेवटचा स्वर जिथे टांगून ठेवला आहे तिथेच ते घाव घालते. आणि आवाज एकसारखा करणारी सोय. तिच्यामुळे हळू ट्रॅक वर खेचले जाऊ शकतात नि मोठे ट्रॅक दबू शकतात, मग भागाभागांतला चढउतार सपाट होतो.

आवाज कितीवर ठेवायचा? सांक्तुस सुरू करा. पहिली पुटपुट स्पष्ट ऐकू यावी आणि पुढच्या वेगवान भागात ट्रम्पेट आले तरी कानाला बोचू नये, अशी खूण ठरवा आणि चाळीस मिनिटे तिला हात लावू नका. गाडीत ऐकणाऱ्यांची हमखास चूक म्हणजे हळू जागी आवाज वाढवायचा आणि पुढच्या तडाख्याला दचकून कमी करायचा. तो चढउतार संगीतकाराने मोजून लिहिलेला असतो.

पायरी ३ : सात शब्द पाठ करणे

संपूर्ण लॅटिन मजकूर मराठी अर्थासह कागदावर घ्या, तो दोन पानांत मावतो. पण पाठ करायचे ते सातच शब्द. हे मैलाचे दगड आहेत.

एलेइसॉन – ‘दया कर’. किरीयेतला. हा भाग लॅटिन नाही, ग्रीक आहे.
मिसेरेरे – हेही ‘दया कर’, पण लॅटिनमध्ये. ग्लोरियाच्या मध्यात आणि पुन्हा आग्नुस देईत.
इन्कार्नातुस – ‘देह धारण केला’. क्रेदोचा मधला संथ भाग सुरू झाल्याची खूण.
सेपुल्तुस – ‘पुरला गेला’. त्याच भागाचा तळ.
रेसुर्रेक्सित – ‘पुन्हा उठला’. इथे लय एकदम बदलते.
ओसाना – ‘होसान्ना’. सांक्तुस आणि बेनेदिक्तुस या दोन्हींच्या शेवटी.
पाचेम – ‘शांती’. हा ऐकू आला की शेवट जवळ आला.

एक फसवी जागा लक्षात ठेवा. ‘क्वी तोल्लिस पेक्काता मुंदी’ (जगाची पापे दूर करणारा) ही ओळ ग्लोरियातही येते आणि आग्नुस देईतही. नुसत्या या ओळीवर विसंबलात तर वीस मिनिटांनी चुकाल. बास एकटा गात असेल तर ग्लोरिया, आल्टो स्त्रीस्वराने सुरुवात झाली असेल तर आग्नुस देई.

उच्चारही दोन तऱ्हांचे आढळतात. इटालियन वळणाचे गायक ‘पाचेम’, ‘आन्युस’ म्हणतात, तर जर्मन वळणाचे ‘पात्सेम’, ‘आग्नुस’. कागदावरचा शब्द कानाला सापडला नाही तर आधी हे तपासा.

पायरी ४ : भागाभागाने ऐकणे

ध्वनिमुद्रणाने एक घोटाळा करून ठेवला आहे. उपासनेत हे सहा भाग सलग येत नाहीत. ग्लोरिया आणि क्रेदो यांच्यामध्ये शास्त्रपाठ आणि प्रवचन असते, क्रेदोनंतर अर्पणविधी, मग सांक्तुस. म्हणजे चर्चमधल्या माणसाला मध्ये श्वास घ्यायला वेळ मिळे. डिस्कवर मात्र तीन सेकंदांच्या शांततेनंतर पुढचा भाग आदळतो. म्हणून पहिल्या आठवड्यात रोज एकच भाग ऐका, आणि तोही दोनदा. सलग ऐकण्याची घाई नको.

किरीये (सुमारे ५ मिनिटे). पहिल्याच क्षणी ट्रम्पेट आणि टिंपनी एका ठरावीक आघातावर येतात. रचना डी मायनरमध्ये आहे. हार्मोनियमवर पांढरी दोनला षड्ज धरा, गंधार आणि धैवत कोमल, निषाद बहुतेक ठिकाणी शुद्ध. हे स्वर किरवाणीच्या जवळचे आहेत, पण राग शोधत बसू नका, कारण षड्जच मधे मधे जागा बदलतो. पिनॉकच्या ध्वनिमुद्रणाबरोबर हार्मोनियम लावून पाहाल तर सूर जुळणार नाही. ध्वनिमुद्रण बिघडलेले नाही, जुन्या धर्तीची वाद्ये आजच्यापेक्षा किंचित उतरलेल्या पट्टीत लावतात.

इथे एकच गोष्ट पाहा. सोप्रानो एकटी वर झेपावते आणि वृंद तिला खाली ओढतो. ‘दया कर’ ही विनवणी इथे जवळजवळ मागणी होते. किरीये मुलायमच असते, असे समजून येणाऱ्याला हा पहिला धक्का.

ग्लोरिया (१० ते ११ मिनिटे, तीन ट्रॅक). मेजर स्वरांत, म्हणजे बिलावलसारख्या शुद्ध स्वरांत, उजेड पडतो. सोप्रानो एक ओळ म्हणते, वृंद ती उचलून धरतो. भजनात बुवा आणि टाळकरी यांचे चालते तसेच, त्यामुळे मराठी कानाला हे लगेच पटते. मधल्या ‘क्वी तोल्लिस’मध्ये लय ठाय होते आणि बास गायक पुढे येतो. मागून वृंद दबक्या आवाजात ‘मिसेरेरे’ म्हणतो आणि ऑर्गनचे तुकडे मधून डोकावतात. तिसऱ्या ट्रॅकवर सुरुवातीचीच चाल परत येते. तीच आहे हे ओळखता आले तर तुमचे काम झाले.

शेवटी फ्यूग आहे. फ्यूग म्हणजे एक छोटा स्वरवाक्यांश एका पट्टीने म्हणायचा, मग दुसरीने, तिसरीने, चौथीने, आणि आधीच्यांनी गप्प न बसता पुढे जात राहायचे. चारही पट्ट्या एकदम ऐकायचा प्रयत्न केलात की चिखल होतो. फक्त पुढचा प्रवेश कुणाचा, एवढेच पकडा. प्रत्येक प्रवेशाला बोट मोडा.

क्रेदो (सुमारे १० मिनिटे, तीन ट्रॅक). हायडनच्या कारागिरीची कसोटी इथे लागते, म्हणून जरा थांबू. क्रेदोचा मजकूर लांबलचक आणि रुक्ष आहे. ‘माझा अमक्यावर विश्वास आहे, तमक्यावर विश्वास आहे’ अशी ती यादी. तिचे काय करायचे हा प्रत्येक संगीतकाराचा प्रश्न असतो. हायडनने कॅनन केला. सोप्रानो आणि टेनर एकत्र सुरू करतात, आल्टो आणि बास त्यांच्या मागून एका मात्राखंडाने निघतात, तीच चाल घेऊन, पण पाच स्वरांच्या अंतरावर. षड्जावरची चाल पंचमाच्या अंतराने दुसऱ्याने धरावी तसे. पुढच्या दिंडीने उचललेला चरण मागच्या दिंडीने क्षणभर उशिरा, वेगळ्या पट्टीत घ्यावा आणि दोन्ही दिंड्या न थांबता चालत राहाव्यात, असे डोळ्यांपुढे आणा.

हे ऐकण्याची युक्ती अशी : पहिल्या वेळी फक्त सर्वांत वरचा आवाज धरा. दुसऱ्या वेळी फक्त सर्वांत खालचा. तिसऱ्या वेळी खालच्याकडे कान ठेवून वरचा आपोआप ऐकू येतो का पाहा. घुमणाऱ्या चॅपेलमध्ये हा कॅनन थोडा विरघळतो, म्हणून या ट्रॅकसाठी पिनॉक आधी, विलकॉक्स नंतर.

मग ‘एत इन्कार्नातुस’. लय एकदम संथ, सोप्रानो पुढे, वृंद तिच्यामागोमाग. ‘सेपुल्तुस’पर्यंत सगळे खाली खाली उतरत जाते. पंखा, रस्ता, कुकरची शिट्टी यांतले काहीही इथे चालू असेल तर हा तळ हाती लागत नाही. ‘एत रेसुर्रेक्सित’ला जी उसळी आहे तिचे अर्धे बळ या तळात आहे. म्हणून हे दोन ट्रॅक कधीही तोडून ऐकू नका.

सांक्तुस (अडीच मिनिटे). ‘पवित्र’ हा शब्द आवाज फुगवत आणि ओसरवत म्हटला आहे. दीर्घ श्वासासारखा. त्यानंतर वेग. एवढेच.

बेनेदिक्तुस (सुमारे ६ मिनिटे). ‘प्रभूच्या नावाने येणारा धन्य असो.’ त्या काळच्या मिस्सांत हा भाग सहसा गोड, निवांत असतो. हायडन इथे परत किरीयेच्या काळोख्या डी मायनरमध्ये जातो. येणारा कोण आहे अशी शंका यावी, असे पाऊल टाकत संगीत पुढे सरकते. शेवटाकडे ट्रम्पेट एकाच स्वरावर ठोके देत राहतात, खाली टिंपनी, आणि वृंद त्यांच्यावरून शब्द फेकतो.

या ठोक्यांमागे एक तांत्रिक गोष्टही आहे. तेव्हाच्या ट्रम्पेटला झडपा नव्हत्या. नळीतून निसर्गतः निघतील तेवढेच स्वर वाजत, आणि टिंपनीची जोडी षड्ज-पंचमावर लावलेली असे. वाद्याची ही मर्यादाच हायडनने शस्त्रासारखी वापरली आहे. दोन ध्वनिमुद्रणांची तुलना करायची तर याच जागेवर करा. जुन्या धर्तीच्या ट्रम्पेटचा आवाज खरखरीत आणि अरुंद असतो, तो वृंदाला झाकत नाही. आधुनिक ट्रम्पेट रुंद आणि गोल, ते कधी कधी शब्दच गिळतात. टिंपनीवरची काठी कडक असेल तर प्रत्येक ठोका सुटा ऐकू येतो, मऊ असेल तर नुसता गडगडाट होतो.

आग्नुस देई आणि दोना नोबिस पाचेम (मिळून सुमारे ६ मिनिटे). पहिला अर्धा भाग एकल गायकांचा. आल्टो सुरुवात करते. वृंद थांबला आहे हे ध्यानात आले का, ते स्वतःला विचारा. शेवटचा स्वर संपल्यासारखा वाटत नाही, दार उघडे ठेवल्यासारखा राहतो, आणि त्यातून ‘आम्हांला शांती दे’ एकदम जोरकस, वेगवान, जवळजवळ हसतमुख होऊन येते. हे काहींना खटकते. शांती मागताना एवढा उत्साह कशाला? हायडनचा स्वभाव तसा होता, एवढेच म्हणता येईल. त्याच्या या आनंदी शेवटांवर त्याच्या हयातीतही नाके मुरडली गेली होती.

पायरी ५ : सलग ऐकणे, आणि मग एकाच धाग्याने

आठवड्यानंतर पूर्ण चाळीस मिनिटे बसा. कागद समोर नको, सात शब्दांवर भागवा. कुठे हरवलात तर मागे जाऊ नका, पुढच्या शब्दाची वाट पाहा.

पुढच्या फेऱ्यांना दर वेळी एकच धागा धरा. एका फेरीला फक्त आल्टो. वरची पट्टी सगळ्यांनाच ऐकू येते, मधली शोधावी लागते. हा कान आपल्याकडे मुळीच नाही असे नव्हे. जुन्या हिंदी चित्रपटगीतांत मुखड्यामागे व्हायोलिनचा ताफा वेगळीच ओळ वाजवत जातो, ती ज्यांना ऐकू येते त्यांना आल्टोही सापडेल. ती ओळ लिहिणारे सेबॅस्टियन डिसूझांसारखे अरेंजर आणि ती वाजवणारे कितीतरी वादक गोव्याचे होते, आणि गोव्यात चर्चच्या शाळांतून स्वरलिपी आणि वृंदगायन शिकवण्याची जुनी परंपरा होती. धागा खराच एका ठिकाणचा आहे.

स्वरलिपी थोडीफार वाचता येत असेल तर आयएमएसएलपी या संकेतस्थळावर हायडनच्या मिस्सांच्या मुक्त प्रती मिळतात. पूर्ण स्कोअर (सगळ्या वाद्यांसह छापलेली स्वरलिपी) नको, गायकांच्या ओळी आणि खाली पियानो अशी ‘व्होकल स्कोअर’ घ्या. पूर्ण स्कोअरची पाने इतक्या वेगाने उलटावी लागतात की ऐकणे बाजूलाच राहते. पहिल्या वेळी स्वर वाचू नका, फक्त शब्दांखाली बोट फिरवत चला.

पायरी ६ : दुसरी मिस्सा

ही हाताशी आली की हायडनची १७९६ची ‘मिस्सा इन तेम्पोरे बेल्ली’ (युद्धकाळातली मिस्सा) लावा. शब्द तेच, म्हणून पुन्हा पाठांतर नाही. तिथेही टिंपनी धाक घालते, पण बेनेदिक्तुसमध्ये नाही. आग्नुस देई येईपर्यंत थांबा, आणि ‘मिसेरेरे’खाली काय वाजते आहे तिकडे कान द्या.